शैलाचं तळघर

तीस-बत्तीस वर्षं मी वसई-विरार भागात लोकांना घरं बांधून दिली. 'बांधून दिली' म्हणायची आम्हा इंजिनिअर लोकांना खोड असते. खरं तर बांधतात गवंडी आणि बिगारी. आम्ही कागदावर रेघा मारतो आणि कुठल्या खांबात किती सळ्या घालायच्या ते सांगतो. माझ्या हातून चाळी झाल्या, चार मजली इमारती झाल्या, चंदनसारला बंगले झाले, कामणच्या रस्त्याला गोदामं झाली. पण या सगळ्यातलं लक्षात राहिलेलं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर जे मनात येतं ते काम माझं नाही. माझ्या बायकोचं आहे. आणि ते चालू होतं तेव्हा मी तिच्यावर सतत जळत होतो, हे आता सत्तरीला टेकल्यावर लिहून टाकतो.

आमचं ऑफिस नालासोपाऱ्याला होतं. खाली भांड्यांचं दुकान, वर आमची एक खोली. त्यात दोन टेबलं. खिडकीजवळचं माझं, दाराजवळचं शैलाचं. पाटीवर फक्त माझं नाव. लग्नाआधी आम्ही दोघं दादरच्या एका ऑफिसात होतो, मी इंजिनिअर आणि ती नकाशे काढणारी. तिच्या हातची रेघ अशी, की साहेब इतरांना तिचा कागद नेऊन दाखवायचे. लग्नानंतर तिने घराच्या आतल्या रचनेचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि ओळखीपाळखीत कामं घ्यायला लागली. कुणाचं स्वयंपाकघर, कुणाचा माळा. मी त्याला 'शैलाची किरकोळ कामं' म्हणायचो. लोकांसमोरसुद्धा.

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. एका दुपारी दारात एक उंच, सावळे, वयस्क गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, बोटांना पितळेच्या पॉलिशचा काळा डाग. मी खुर्ची दाखवली. ते बसले नाहीत.

"ती बाय कुठे आहे?"

"कोण बाय?"

"माझ्या मेव्हणीचं सैपाकघर केलं ती. मेव्हणी म्हनते, आता ओट्याशी उभं राहून कंबर दुखत नाही."

हे इनास मास्तर. वसईच्या पश्चिमेला त्यांची केळीची वाडी होती, पण ओळख होती ती लग्नाच्या बँडचे मास्तर म्हणून. स्वतः कॉर्नेट, म्हणजे छोटं ट्रम्पेट, वाजवायचे, हाताखाली सात-आठ जण. जुनं घर पाडून नवीन बांधायचं होतं, आणि त्यांना जमिनीखाली एक खोली हवी होती. पूर्वी अंगणात सराव चालायचा. आता आजूबाजूला नवीन लोक राहायला आले होते आणि ट्रम्पेटचा पहिला सूर निघाला की खिडक्या आपटायला लागल्या होत्या.

"पन गोदाम नको," मास्तर म्हणाले. "मानसं राहतील अशी खोली पायजे. सराव नसेल तेव्हा पाहुने झोपतील, उन्हाळ्यात मी दुपारी पडेन."

मी मध्येच म्हणालो, "मास्तर, वसईत तळघराचा नाद करू नका. पावसात चार हातांवर पाणी लागतं."

"माझा जन्म तिथलाच आहे, इंजिनिअरसाहेब. पानी कुठे लागतं ते विहिरीने शिकवलंय मला."

शैला तोवर पेन्सिल घेऊन समोर येऊन बसली होती. तिने विचारलं, "मास्तर, तुम्ही उभं राहून वाजवता की बसून?"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. मग तासभर ते तिच्याशीच बोलत होते. सराव बसून असतो, पण मिरवणुकीच्या चाली उभ्याने बसवाव्या लागतात. मोठा ढोल जिन्यावरून एकटा माणूस नेतो, त्याला पायरी दिसत नाही. आठ माणसं फुंकायला लागली की बंद खोलीत तासाभरात डोकं जड होतं. शैला लिहून घेत होती. मी एका इमारतीच्या सळ्यांचा हिशेब पुढ्यात ओढला आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा तपासली. इतक्या वर्षांत मी कुठल्याही मालकाला 'तुम्ही उभे असता की बसलेले' असलं काही विचारलं नव्हतं. मी विचारायचो, किती मजले?

राहण्यासारखं तळघर करणं म्हणजे काय, ते सांगतो. खड्डा खणून वर स्लॅब टाकला की कोठी होते, खोली होत नाही. माणसाला उजेड लागतो, हवा लागते, कोरडी भिंत लागते आणि काही झालंच तर बाहेर पडायला दुसरी वाट लागते. शैलाने घराचं जोतं तीन फूट वर उचललं, म्हणजे तळघराचा वरचा भाग जमिनीच्या वर आला आणि तिथे आडव्या खिडक्या बसल्या. पश्चिमेच्या बाजूला तिने खोलीला लागून एक उघडा चौक खाली उतरवला, विहिरीसारखा. त्याच्या भिंतींना पांढरा चुना, म्हणजे दुपारचं ऊन आपटून आत यावं. त्याच चौकातून वाडीत चढणारा दुसरा जिना. मुख्य जिन्याच्या पायऱ्या रुंद आणि बुटक्या, ढोलवाल्यासाठी. बाहेरची भिंत काँक्रीटची, बाहेरून तिला शहाबादी लाद्यांचं कवच. आतून चार बोटं जागा सोडून विटांची दुसरी पातळ भिंत, म्हणजे ओल आलीच तर ती मधल्या फटीतून खाली नाल्यात उतरेल, खोलीत दिसणार नाही. नाल्याच्या टोकाला छोटा खड्डा आणि त्यात आपोआप चालू होणारा पंप. हवेसाठी भिंतीतून थेट गच्चीपर्यंत नेलेला पाइप. गरम हवा आपली आपण वर जाते.

हे सगळं तिने एका कागदावर बसवलं होतं. तो कागद मी ती खाली चहा सांगायला गेली तेव्हा पाहिला. चूक शोधायला पाहिला. सापडली नाही.

ती वर आली आणि म्हणाली, "आरसीसीचं तुम्ही कराल ना? भिंतीची जाडी, सळ्या, सगळं तुमच्यावर सोडलंय मी."

"मला वेळ नाही," मी म्हणालो. "तुझं काम आहे, तू बघ."

वेळ भरपूर होता. तिलाही ते ठाऊक होतं. ती अंधेरीच्या एका सल्लागाराकडे गेली आणि त्याच्याकडून आरसीसीचा नकाशा करून आणला.

खणायला फेब्रुवारीत सुरुवात झाली. मास्तर एक दिवसाआड ऑफिसात यायचे, केळी आणायचे, माझ्या टेबलावरून पुढे जाऊन शैलाच्या टेबलावर ठेवायचे. फोन वाजला की मी उचलायचो आणि पलीकडून आवाज यायचा, "मॅडम आहेत का?" मास्तरांच्या घरचं खोदकाम पाहून आणखी दोघा-तिघांनी विचारणा केली होती. विरारच्या एका वकिलाने मला स्टेशनवर गाठून विचारलं, "तळघरं करतात त्या मॅडम तुमच्या ऑफिसात कामाला आहेत ना?" मी हो म्हणालो. बायको आहे असं सांगितलं नाही.

मे महिन्यात एक दिवस शैला साइटवर होती. तिच्या टेबलावर दोन कागद होते. एक सल्लागाराचा नकाशा, दुसरं ठेकेदाराचं पत्र. नकाशात चूक नव्हती. सल्लागाराने वरचं दोन मजली घर धरून हिशेब केला होता. पत्रात ठेकेदाराने लिहिलं होतं, की तळघराचा तळ आणि भिंती पावसाआधी पुऱ्या होतील, त्यावरचा स्लॅब आणि घर दिवाळीनंतर.

म्हणजे अख्खा पावसाळा जमिनीत एक रिकामी काँक्रीटची पेटी राहणार होती. डोक्यावर वजन नाही आणि चारी बाजूंनी पाणी.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांना खरं वाटणार नाही, पण अशी पेटी वर येते. बादली रिकामी असताना हौदात दाबून धरा, हात काढलात की ती जशी उसळते तशी. मास्तरांच्या तळघराने जेवढी जागा अडवली होती तेवढं पाणी सत्तर टनांच्या घरात जात होतं, आणि नुसता तळ आणि भिंती मिळून पन्नास टनसुद्धा भरत नव्हत्या. वर घर असतं तर प्रश्नच नव्हता. सल्लागाराने पत्र पाहिलं नव्हतं, ठेकेदाराला हिशेब येत नव्हता आणि शैलाने असं काही होताना कधी पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं होतं. कामणला एका गोदामासाठी मी जमिनीखाली पाण्याची टाकी केली होती. पावसात ती रिकामी राहिली आणि एका रविवारी एका बाजूने दोन फूट वर आली. मालकाने फोडून दुसरी बांधून घेतली आणि मला पुन्हा बोलावलं नाही. घरी मी सांगितलं होतं, की मालकाने टाकीची जागा बदलली. शैलाला ते माहीत नव्हतं, याचं कारण मी तिला सांगितलं नव्हतं.

मी ते दोन कागद एकावर एक ठेवून पाहिले. मग होते तसे परत ठेवले.

मनाला समजावायला माणसाकडे खूप काही असतं. अंधेरीचा मोठा सल्लागार आहे, त्याने विचार केला असेल. मला कुणी विचारलंय? मी सांगितलं तर म्हणतील, बायकोचं नाव होतंय ते याला बघवत नाही. शेवटचं कारण मला फार पटलं होतं, कारण त्यातला निम्मा भाग खराच होता.

पाऊस सुरू झाला. उघड्या पेटीत पावसाचं पाणी साठायचं आणि शैला दर दोन दिवसांनी जाऊन ते उपसून घ्यायची. भिंतींना ओल धरू नये म्हणून तिची काळजी. म्हणजे तळघराला खाली धरून ठेवणारी जी एक गोष्ट होती, ती शैला स्वतः उभी राहून बाहेर काढत होती. छत्री घेऊन ती निघाली की 'पाणी राहू दे आत' एवढे चार शब्द माझ्या ओठांवर यायचे. मी म्हणायचो, "रेनकोट घे."

ऑगस्टमध्ये पाच दिवस पाऊस थांबला नाही. सहाव्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला घरी फोन आला. मास्तरांच्या बायकोचा, मार्थाबाईंचा. घर होईपर्यंत ती दोघं पलीकडच्या शेडमध्ये राहत होती आणि तिकडे जायला त्यांनी तळघराच्या दोन भिंतींवर एक लांब फळी आडवी टाकली होती. "बाय, काल फळी सरळ होती," त्या म्हणाल्या. "आज चढाला लागलीय. मी रोज चालते तिच्यावरून, मला समजतं."

शैलाने मला सांगितलं आणि विचारलं, "जमीन खचली असेल का?"

"मी येतो," मी म्हणालो.

आम्ही स्कूटरवरून पोचलो तेव्हा वाडीत घोटाभर पाणी होतं. केळीच्या ओळींमधून ते तळघराकडे वाहत होतं. ठेकेदाराची सहा माणसं, बँडचे दोघे-तिघे आणि मास्तर, सगळे पेटीभोवती उभे होते. डिझेलचा पंप जोरात चालू होता, आतलं पाणी बाहेर फेकत होता. खाडीकडचा कोपरा वर आला होता. भिंतीवर जिथपर्यंत मातीचा पट्टा होता ती रेघ आता जमिनीपासून वीतभर वर दिसत होती. चौकातल्या जिन्याची खालची पायरी भिंतीपासून सुटली होती आणि फटीत हात जाईल एवढी जागा झाली होती.

मास्तर ओरडले, "जोरात उपसा! दुसरा पंप आना! बाय, पानी आत शिरतंय बघ!"

शैला म्हणाली, "हो, दुसरा पंप लावा."

आम्ही तिथे उभे असताना तो कोपरा पुन्हा हलला. आवाज झाला नाही. फक्त मार्थाबाईंची फळी घसरून पाण्यात पडली.

मी पुढे गेलो आणि पंप बंद केला.

"वेडे झालात काय?" मास्तर माझ्या अंगावर आले.

"उपसायचं नाही. पाणी आत सोडायचं. पाइप उलटा करा, वाडीतलं पाणी आत टाका. कमरेएवढं भरू दे."

"घर बुडवता माझं?"

"मास्तर, ते बुडत नाहीये. तरंगतंय. आत वजन पाहिजे. लवकर करा."

कुणी हलेना. सगळे शैलाकडे बघत होते. काम तिचं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण तेवढ्यात तिने काहीतरी जोडून घेतलं हे मला दिसलं. मग ती मजुरांना म्हणाली, "साहेब म्हणतात तसं करा."

दुसरा पंप आणून दोन्हींनी पाणी आत सोडलं. विहिरीचा पंपही जोडला. दुपारपर्यंत आत मांडीएवढं पाणी झालं आणि कोपरा उतरायला लागला. तीन वाजता कमरेएवढं झालं. वीतभर वर आलेला कोपरा दीड इंचावर येऊन थांबला. खाली चिखल शिरला होता, त्यामुळे पुरता बसला नाही. भिंतीला एक बारीक तडा गेला होता, बाकी पेटी शाबूत होती.

मास्तरांनी माझे दोन्ही हात धरले. "इंजिनिअरसाहेब, तुम्ही वाचवलंत. आज तुम्ही नसता तर काय झालं असतं?"

शैला चिखलात उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, नकाशा माझा आहे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक माझी."

सहा मजुरांसमोर म्हणाली. मी तेव्हासुद्धा गप्प राहिलो. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीही मला तिचा हेवा वाटला, की हिला हे इतकं सरळ म्हणता येतं.

परतताना वाटेत तिने स्कूटर थांबवायला सांगितली. एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही उभे राहिलो.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"मे महिन्यापासून."

"माझ्या टेबलावरचे कागद पाहिलेत."

"हो." मग मी तिला कामणच्या टाकीबद्दलही सांगितलं.

मला वाटलं, रडेल किंवा ओरडेल. ती शांतपणे म्हणाली, "मला काही येत नाही असं वाटून गप्प बसला असतात, तर मी समजू शकले असते. तुम्ही गप्प बसलात ते मला येतंय म्हणून."

मी स्कूटर चालू केली.

दुसऱ्या दिवशी तिने टेबल हलवलं. भांड्याच्या दुकानातल्या माणसाला मदतीला घेतलं आणि ते खाली उतरवून टेम्पोने घरी नेलं. पुढची कामं ती घरच्या पुढच्या खोलीतून करायला लागली. दारावर तिने स्वतःच्या नावाची पाटी लावली. जेवायला वाढताना, बाजारात जाताना ती माझ्याशी बोलायची, पण कामाचा शब्द नाही. मास्तरांच्या तळघराखालच्या पोकळीत सिमेंटचं पाणी दाबून कसं भरायचं, हे तिने अंधेरीच्या त्याच सल्लागाराकडून समजून घेतलं, मला विचारलं नाही. वर घर चढेपर्यंत आतलं पाणी तिने काढू दिलं नाही. मग ते काढून, तडा बुजवून, आतली जमीन समपातळीत करून घेतली.

पुढच्या मे महिन्यात घर पुरं झालं. फादर आशीर्वाद द्यायला आले, नंतर बँड वाजणार होता. मी तळघरात उतरलो. दुपारचे चार वाजले होते. चौकाच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड आत आला होता आणि खोलीत कुठेही दिवा लावलेला नव्हता. वर अंगणात घाम निथळत होता, खाली गारवा होता. कुबट वास नाही. मी भिंतीला तळहात लावून पाहिला. कोरडी. सवयीने कोपरे पाहिले, खिडक्यांच्या चौकटी पाहिल्या. पुन्हा चूक शोधत होतो. इतकं सगळं होऊनही.

वर येताना जिन्यात मास्तर भेटले. हातात कॉर्नेट. "चला, सगळ्यांना सांगतो मी, घर कोनी वाचवलं ते."

"सांगू नका, मास्तर," मी म्हणालो. आणि तिथेच, जिन्याच्या त्या रुंद पायरीवर, त्यांना सगळं सांगितलं. कागद, पत्र, तीन महिने.

मास्तर कॉर्नेटची कळ दाबत आणि सोडत राहिले. मग त्यांनी विचारलं, "बायला ठाऊक आहे हे?"

"त्याच दिवशी सांगितलं."

"आनि आज ती तुमच्याच स्कूटरवर बसून आली?"

"हो."

"मग मी कोन बोलनार?" ते म्हणाले. त्यांनी मला बाजूला केलं आणि खाली गेले. नंतर भाषणात त्यांनी शैलाचं नाव घेतलं, गवंड्याचं घेतलं, फळीबद्दल मार्थाबाईंचं घेतलं. माझं घेतलं नाही. ते बरोबरच होतं, तरी मला लागलं.

त्या पावसाळ्यात शैलाकडे वकिलाच्या तळघराचं काम आलं. एका संध्याकाळी मी घरी पोचलो तर जेवणाच्या टेबलावर तिचा नकाशा पसरलेला होता, शेजारी ठेकेदाराचं वेळापत्रक. तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"बोला. काय दिसतंय?"

मी दोन्ही कागद पाहिले. तळ भिंतींच्या बाहेर दोन फूट वाढवायला सांगितला, म्हणजे त्यावर मातीचं वजन राहील. पंपाचा खड्डा दुसऱ्या बाजूला न्यायला सांगितला. तिने खुणा केल्या, पण उठली नाही.

"आणि?"

"आणि काय? झालं."

"चुका सांगितल्यात. बाकीचं?"

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. जिना असा वळवला होता, की उतरतानाच उजेड तोंडावर यावा. मला ते आयुष्यात सुचलं नसतं.

"जिना चांगला आहे," मी म्हणालो.

त्यानंतर ती निवृत्त होईपर्यंत तिचा प्रत्येक नकाशा त्या टेबलावर आला. चुका मी पहिल्या पाच मिनिटांत सांगायचो. नंतरचं एक वाक्य बाहेर पडायला कधी कधी जेवण गार व्हायचं. ती थांबायची.